सात किलोंत बार्सिलोना : चेक-इन बॅगेशिवाय नऊ रात्री

प्रश्न असा आहे : पुण्याचं एक जोडपं, वय पंचेचाळीसच्या आसपास. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून बार्सिलोनाला नऊ रात्रींसाठी निघालंय. अर्धा वेळ समुद्रावर, अर्धा शहर बघण्यात. दोघांनाही फक्त केबिन बॅग न्यायची आहे. जमेल का, आणि काय घ्यावं, काय गाळावं?

जमेल, आणि आरामात जमेल. समुद्रकाठच्या उबदार शहरासाठी कपडे हलके लागतात, त्यामुळे लंडन किंवा झुरिकपेक्षा हे सोपं आहे. अडचण बॅगेच्या आकाराची नसते, वजनाची असते. युरोपातल्या लोकांनी दिलेल्या याद्या वाचून भारतातून निघणारे इथेच फसतात. ब्रिटिश एअरवेज केबिन बॅगेला २३ किलोपर्यंत मुभा देते, एअर फ्रान्स आणि केएलएम पर्ससकट १२ किलो देतात. मुंबईहून दुबई, दोहा किंवा अबूधाबीमार्गे जाणाऱ्या एमिरेट्स, कतार, एतिहाद या कंपन्यांच्या इकॉनॉमीत मात्र ७ किलोच चालतात. एअर इंडियाचंही तेच. लुफ्थान्सा, स्विस आणि टर्किशचे ८. म्हणून गणित ७ किलोंवर मांडा. तिकीट दुसऱ्या कंपनीचं निघालं तर उरलेलं वजन हा फायदा समजा.

या ७ किलोंतला सर्वांत मोठा वाटा खुद्द बॅग खाते. चार चाकांची कडक कवचाची केबिन ट्रॉली रिकामी असतानाच २.५ ते ३ किलो भरते. कापडी, बिनचाकाची, पाठीवरची ३५ लिटरची बॅग १ ते १.३ किलोत मिळते. नऊ रात्रींचं एका माणसाचं सामान, अंगावरचं वगळून, वजन करून मांडलं तर साधारण असं येतं : कपडे २०४० ग्रॅम, सँडल ४५०, पंचा-टोपी-घडीची पिशवी मिळून ३१०, अंघोळीचं व प्रसाधनाचं ७००, औषधं १५०, चार्जर-केबल-पॉवर बँक ४५०, कागदपत्रं २००, कप्प्यांच्या पिशव्या १२०, खाऊ ५००. बेरीज ४९२० ग्रॅम. ११०० ग्रॅमच्या पाठपिशवीत हे साधारण ६ किलोंत बसतं आणि जवळजवळ एक किलो हाताशी राहतो. तेच सामान २८०० ग्रॅमच्या ट्रॉलीत घातलं की ७७२० ग्रॅम होतात, म्हणजे काउंटरवर ७२० ग्रॅम बाहेर काढायची वेळ. सामान तेच असतं, फरक फक्त बॅगेचा. पैसे खर्च करायचे असतील तर ते कपड्यांवर नव्हे, हलक्या बॅगेवर करा.

पाठीचा त्रास असेल आणि चाकं हवीच असतील तर दोन चाकांची कापडी ट्रॉली बघा, ती २ किलोच्या आत मिळते. पण बार्सिलोनाचा गॉथिक भाग, म्हणजे जुनं शहर, दगडी फरशांचा आहे, समुद्रालगतच्या बार्सेलोनेता वस्तीतल्या कित्येक जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. तिथे चाकं असून नसल्यासारखीच.

आकार ५० × ३५ × २० सेंटिमीटर घ्या. हा वर सांगितलेल्या सगळ्या कंपन्यांच्या मापात बसतो. ५५ सेंटिमीटर उंचीची बॅग बऱ्याच ठिकाणी चालते, पण कतारची मर्यादा ५० × ३७ × २५ आहे. बॅगेला बाहेरचा खिसा असतोच. तो भरून फुगला की २० चे २५ होतात आणि बॅग मापाच्या चौकटीत अडकते. मोजताना ती भरलेली मोजा. घरी वजनकाटा नसेल तर माणसाच्या काट्यावर आधी बॅगेसकट, मग बॅगेशिवाय उभं राहून वजाबाकी करा. यात दोनतीनशे ग्रॅमची चूक सहज होते, म्हणून घरचा आकडा ६.५ च्या वर जाऊ देऊ नका.

बार्सिलोनाहून पुढे पाल्मा किंवा इबिझाला स्वस्त विमानानं जायचं असेल तर वेगळा नियम लागतो. रायनएअर आणि व्ह्युएलिंग मूळ भाड्यात फक्त सीटखाली जाणारी ४० × ३० × २० सेंटिमीटरची पिशवी देतात, इझीजेटची ४५ × ३६ × २०. तुमची पाठपिशवी यात बसणार नाही. मोठ्या केबिन बॅगेचे पैसे तिकीट काढतानाच भरा, गेटवर ते कितीतरी जास्त पडतात. व्हॅलेन्सिया किंवा माद्रिदला रेल्वेनं गेलात तर ही कटकट नाही. फक्त बार्सिलोनाच्या मुख्य सांत्स स्थानकावर वेगवान गाड्यांसाठी बॅगेची एक्स-रे तपासणी होते, त्यासाठी थोडं आधी पोचा.

आता कपडे. सप्टेंबरच्या मध्यावर तिथे दुपारी २५-२६ अंश, रात्री १८ च्या आसपास, आणि समुद्राचं पाणी २३-२४ अंश असतं. उन्हाळाभर तापलेलं पाणी सप्टेंबरात अजून कोमट असतं, मे महिन्यात तेच १७-१८ अंशांवर असतं आणि आपल्याकडच्या माणसाला त्यात उतरवत नाही. महिन्याची निवड चांगली केलीत. पण शरद ऋतू हा तिथल्या पावसाचा काळ आहे. रोज रिपरिप नसते, एखाद्या संध्याकाळी धो धो कोसळतो आणि थांबतो. छत्रीपेक्षा २५० ग्रॅमचं टोपीचं पातळ जॅकेट घ्या. विमानातल्या थंडीला तेच, रात्री समुद्रवाऱ्याला तेच. आणि ते अंगात घालून जा, म्हणजे वजनात धरलं जाणार नाही.

अंगावरचं धरून पाच वरचे कपडे, दोन पँट, एक गुडघ्यापर्यंतची चड्डी, पाच-सहा अंतर्वस्त्रं, मोज्यांचे चार जोड, झोपायचा एक जोड. बायकांसाठी दोन वरच्या कपड्यांच्या जागी दोन सुती-मिश्र कुर्ते उत्तम : उन्हात खांदे झाकतात, पोहण्याच्या कपड्यांवर चढवता येतात आणि सग्रादा फमिलियात शिरताना प्रश्न येत नाही. त्या चर्चमध्ये खांदे झाकलेले लागतात, चड्डी किंवा स्कर्ट निदान मांडीच्या मध्यापर्यंत लागतो, पारदर्शक कपडे चालत नाहीत आणि आत टोपी काढावी लागते. बिनबाह्यांचा ड्रेस असेल तर ८०-१०० ग्रॅमची ओढणी पर्समध्ये ठेवा. तीच विमानात डोक्यावर घेता येते, समुद्रावर सावलीला येते.

जीन्स नेऊ नका. एक जीन्स ६५०-७०० ग्रॅम भरते, तेवढ्यात दोन पातळ पँट होतात. ती ओली झाली तर तिथल्या दमट हवेत दीड-दोन दिवस वाळत नाही. अगदी हवीच असेल तर अंगावर घालून जा.

पोहण्याचे कपडे मात्र दोन जोड घ्या. इथे काटकसर करू नये. सकाळी पोहून आलात, संध्याकाळी पुन्हा जायचं, आणि आदल्या जोडाला अजून ओल आहे : गार, चिकट, खारं कापड पुन्हा अंगात घातलं की जांघेत आणि काखेत घासून लाल होतं. उरलेली सुट्टी त्यात जाते. कापड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं, लवचीक धाग्याचं. सुती टी-शर्ट घालून पाण्यात उतरायची आपल्याकडे सवय आहे, ती इथे सोडा. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, लाटेत खाली ओढतं आणि बाहेर आल्यावर वाऱ्यात गारठवतं. कोणी काय घातलंय याकडे तिथे कोणी बघत नाही. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाखही चालतो. उलट लांब बाह्यांचा, ५० यूपीएफचा (कापड ऊन किती अडवतं त्याचं माप) पोहण्याचा टॉप घेतलात तर सनस्क्रीन निम्म्याहून कमी लागतं.

एक गोष्ट लक्षात असू द्या. २०११ पासून बार्सिलोनात किनारा आणि त्याला लागून असलेला फिरण्याचा रस्ता सोडून शहरात फक्त पोहण्याच्या कपड्यांत किंवा उघड्या अंगानं फिरण्यास मनाई आहे आणि दंड होतो. म्हणजे मेट्रोत चढण्याआधी वर काहीतरी हवंच. कुर्ता किंवा शर्ट आणि चड्डी, दोन मिनिटांत चढेल असं, किनाऱ्यावरच्या पिशवीत ठेवा.

टॉवेलचं आपल्याकडे फार चांगलं उत्तर आहे : पंचा. सोलापुरी टर्किश टॉवेल ५००-६०० ग्रॅमचा, ओला झाला की दीड किलोचा. पंचा १३०-१५० ग्रॅमचा, पिळला की तासा-दोन तासांत वाऱ्यावर वाळतो, त्यात वाळू अडकत नाही, एक झटका दिला की मोकळा. बार्सिलोनाचे किनारे १९९२ च्या ऑलिंपिकच्या निमित्तानं बरेचसे नव्यानं घडवलेले, वाळू जाडसर. टर्किश टॉवेलच्या फाशांत ती घुसते आणि बॅगेत सांडत राहते. महागडे मायक्रोफायबर टॉवेल वापरायला हरकत नाही, पण ते अंगाला चिकटल्यासारखे वाटतात आणि खाऱ्या पाण्यानंतर वास धरतात. माणशी दोन पंचे : एक अंथरायला, एक पुसायला.

पायांत काय, हा दुसरा वजनदार प्रश्न. दोनच जोड. चालायचे बूट पायांत, आणि बॅगेत मागे पट्टा असलेली, भिजलेली चालेल अशी सँडल. दुपारी वाळू चांगलीच तापते, अनवाणी पाण्यापर्यंत जाणं कठीण होतं. अंगठ्याची साधी रबरी चप्पल किनाऱ्यावर चालेल, पण तिच्यानं दिवसभर शहर होत नाही. पट्ट्याची सँडल दोन्हीला पुरते. कोल्हापुरी नेण्याचा मोह होतो, दिसतेही छान. पण खारं पाणी लागलं की चामडं आखडतं, शिवण सुटते आणि ओल्या फरशीवर ती घसरते. बूट नवीन घेतले असतील तर निघण्याआधी तीन आठवडे घालून रोज तासभर चाला. बार्सिलोनात दिवसाला १२-१५ किलोमीटर सहज होतात.

द्रव पदार्थांत बहुतेकांचं सामान जातं. नियम : प्रत्येक बाटली १०० मिली किंवा कमी, सगळ्या मिळून एक लिटरच्या, बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत, माणशी एक पिशवी. बाटलीवर छापलेला आकडा बघतात, आत किती आहे ते नाही. २०० मिलीची बाटली तळाशी दोन चमचे उरलेली असली तरी टाकून द्यावी लागते. काही युरोपीय विमानतळांवर नवी यंत्रं आली आहेत आणि तिथे ही मर्यादा सैल झाली आहे. त्यावर विसंबू नका. तुमची बॅग मुंबईत तपासली जाईल, बदलाच्या विमानतळावर पुन्हा, येताना बार्सिलोनात पुन्हा. त्यातला सर्वांत कडक नियम तोच तुमचा नियम.

टूथपेस्ट द्रवातच धरतात, १५० ग्रॅमची नळी काढून घेतात, ५० ग्रॅमची दोघांना पुरते. खोबरेल तेल गोठलेलं असलं तरी द्रवच. बाम, व्हॅसलीन, काजळाची डबी, केसांचं जेल, पातळ फाउंडेशन हे सगळं त्याच पिशवीत. म्हणून जे घन मिळतं ते घन घ्या : साबणाची वडी, शाम्पूची वडी, कांडीचं डिओडरंट. वडी वाळवूनच डबीत घाला, ओली घातली तर चिखल होतो. दाढीला कार्ट्रिजचं रेझर, सुटी ब्लेडं नकोत. कात्री, चाकू जोडलेला नेलकटर, लायटर, काडेपेटी काढून टाका. रोज देवाला उदबत्ती लावायची सवय असेल तरी काडेपेटी केबिनमध्ये जात नाही.

सनस्क्रीनचं गणित समजून घेण्यासारखं आहे. प्रौढ माणसाला सर्वांगाला नीट लावायला साधारण ३०-३५ मिली लागतं आणि पोहणाऱ्यानं दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं. म्हणजे १०० मिलीची बाटली तीन वेळा लावून संपली, एका माणसाचा किनाऱ्यावरचा एक दिवस. नऊ दिवसांचं इथून नेता येणारच नाही. ५० मिली पहिल्या दिवसापुरतं न्या आणि तिथे मोठी बाटली घ्या. मेर्कादोनासारख्या सुपरमार्केटात औषधदुकानापेक्षा बरंच स्वस्त मिळतं. फक्त वार बघा : बहुतेक सुपरमार्केटं रविवारी बंद असतात, आणि ११ सप्टेंबर हा कॅटलोनियाचा, म्हणजे बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्याचा, राष्ट्रीय दिवस, तेव्हाही बंद. तुमच्या तारखा त्याच आठवड्यातल्या आहेत. अशा दिवशी उतरलात तर हिरव्या क्रॉसची पाटी असलेलं, पाळीवर उघडं असलेलं औषधदुकान शोधावं लागेल.

औषधं मूळ पट्ट्यांत न्या, सुट्या गोळ्या डबीत नकोत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपल्याकडचं ब्रँडचं नाव स्पेनमध्ये कोणाला कळणार नाही. तिथे साधी पॅरासिटामोलसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही, औषधदुकानातच जावं लागतं. तापाच्या, पोटाच्या, ॲलर्जीच्या गोळ्या आणि ओआरएसची चार पाकिटं एवढं बरोबर असू द्या. इन्सुलिन किंवा लागणारं पातळ औषध १०० मिलीच्या नियमातून सुटतं, पण चिठ्ठी हवी.

खाऊबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे मायेपोटी चुका होतात. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, चक्का, पनीर सगळं यात आलं. ताजी फळं-भाज्या वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. केळी, अननस, नारळ, खजूर यांना सूट आहे, आंब्याला नाही, आणि ताज्या कढीपत्त्यालाही नाही. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून विमानवाहतुकीत धोकादायक मालात मोडतं, ते अजिबात नको. त्यामुळे चिवडाही बिनखोबऱ्याचा करा. लोणच्यातलं तेल द्रवात येतं, आणि मिरचीचं लोणचं व मिरचीपूड भारतातल्या तपासणीत हातातल्या बॅगेत अडकतात. खाकरा, चिवडा, भाजलेले चणे, शेंगदाण्याची चिक्की हे निर्धास्त न्या. अर्धा किलो पुरे.

विजेचं सोपं आहे. स्पेनमध्ये आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज. फोनचे आपले दोन पिनांचे चार्जर तिथल्या गोल सॉकेटात सरळ बसतात. लॅपटॉपचा किंवा इस्त्रीचा जाड तीन पिनांचा प्लग बसत नाही, त्याच्यासाठीच अडॅप्टर लागतो. दोन तोंडांचा एक चार्जर दोघांना पुरतो. पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची असते, १०० वॅट-तासांच्या आतली. १०,००० एमएएच म्हणजे साधारण ३७ वॅट-तास, वजन दोनशे ग्रॅम. तेवढी पुष्कळ झाली. तिच्यावर क्षमता स्पष्ट छापलेली हवी, पुसली असेल तर काढून घेतात. एमिरेट्सनं १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच पॉवर बँक ठेवली आहे आणि विमानात ती वापरायलाही मनाई केली आहे, म्हणून फोन चढण्याआधीच पूर्ण भरून घ्या.

भरताना कपडे गुंडाळा किंवा घड्या घाला, फार फरक पडत नाही. हवा काढायच्या व्हॅक्यूम पिशव्या मात्र घेऊ नका. त्या जागा वाचवतात, आणि तुमची अडचण जागेची नाहीच. वाचलेल्या जागेत माणूस आणखी काहीतरी कोंबतो आणि वजन वाढतं. सँडल तळाशी, कपडे मध्ये, द्रवांची पिशवी आणि चार्जर सर्वांत वर. पासपोर्ट, व्हिसा, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि किमान ३०,००० युरोंच्या विम्याचा कागद छापील स्वरूपात एका सपाट फोल्डरमध्ये, हाताला येईल असा. शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) सीमेवर आता बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, रांगा लांब असतात. तिथे बॅग उपसत बसायची वेळ येऊ नये.

पाच जोड नऊ रात्रींना पुरवायचे तर धुणं आलंच. अंतर्वस्त्रं आणि पोहण्याचे कपडे रोज रात्री बेसिनमध्ये गोड्या पाण्यातून काढा. मीठ राहिलं की कापड कडक होतं आणि हवेतली ओल खेचत राहतं, म्हणून ते वाळल्यासारखं वाटतं आणि सकाळी पुन्हा दमट लागतं. पिळल्यावर हॉटेलचा जाड टॉवेल पसरा, त्यावर कपडा ठेवा, वळकटी करा आणि तिच्यावर पाय देऊन उभे राहा. कृत्रिम धाग्याचा कपडा एवढ्यानं सकाळपर्यंत वाळतो. पाचव्या दिवशी उरलेलं सगळं नाण्यांवर चालणाऱ्या धुलाई केंद्रात न्या, पाटीवर स्पॅनिशमध्ये ‘लावान्देरिया’ किंवा कॅटलनमध्ये ‘बुगादेरिया’ लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी साबण यंत्रच घालतं. धुणं-वाळवणं मिळून सव्वा-दीड तास.

किनाऱ्यावर घडीची छोटी पिशवी न्या, पासपोर्ट खोलीतच राहू द्या. बार्सेलोनेताच्या वाळूत आणि मेट्रोत खिसेकापू फार. दोघं एकदम पाण्यात जाऊ नका. बोगातेलचा किनारा थोडा मोकळा आणि निवांत. त्याच्या पलीकडच्या मार बेल्लाच्या काही भागात लोक विवस्त्र असतात, हे आधी माहीत असलेलं बरं.

परतीच्या आदल्या संध्याकाळीच शेवटचं पोहून घ्या. सकाळी पोहलात तर ओला जोड आणि पंचे मिळून पाऊण किलो वाढतं, आणि प्रवासभर कुबट वास. तिथून ऑलिव्ह तेल आणायची इच्छा होणारच, पण अर्ध्या लिटरची बाटली केबिनमधून सुटणार नाही. इथे एक सोय आहे. मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक तिकिटांत २३ ते ३० किलोचं चेक-इन सामान धरलेलंच असतं, सर्वांत स्वस्त भाडं घेतलं असेल तर तेवढं तपासून घ्या. जाताना ते वापरू नका. दुबई-दोह्याला बॅग मागे राहिली तर सुट्टीचे पहिले दोन दिवस कपड्यांशिवाय जातात. येताना मात्र एक पाठपिशवी बिनधास्त चेक-इन करा, तेलाची बाटली आधी प्लास्टिकमध्ये बांधून मग जाड कपड्यांत मधोमध ठेवा. पॉवर बँक, औषधं, कागदपत्रं आणि घराच्या किल्ल्या त्यातून आधी काढून दुसऱ्या पिशवीत घ्या.